वाजणाऱ्या हूटरला मालक हवा: महापालिका आयुक्त आणि पोलीस आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील महानगरपालिकांचे आयुक्त आणि शहरांचे पोलीस आयुक्त

विषय: चोरीच्या अलार्मची नोंद आणि त्यासाठीचे नियम

महोदय, महोदया,

मी गेली २१ वर्षे चोरीचे अलार्म बसवण्याचे काम करतो. शटरला ते उघडल्याचे कळवणारा मॅग्नेट, आत कोपऱ्यात हालचाल टिपणारा सेन्सर, गल्ल्याखाली बटण आणि बाहेर पाटीच्या वर हूटर. पहिल्या दिवसापासून मी एक वही ठेवली आहे. कुठे काय बसवले, वायर कुठून नेली, बॅटरी कधी बदलली, किल्ली कोणाकडे असते, सगळे तीत आहे. त्या वहीतल्या निम्म्या नोंदी आज जुन्या झाल्या. दुकाने विकली गेली, भाडेकरू बदलले, फोन बंद झाले. हूटर मात्र जागच्या जागी आहेत आणि त्यांतले बरेच अजून वाजू शकतात. माझ्या वहीबाहेर, आमच्या शहराच्या कोणत्याही दप्तरात, त्यांचा पत्ता नाही. म्हणून हे पत्र लिहितो आहे.

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या रात्री सव्वा वाजता मला एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला. "तुम्हीच ना ते अलार्मवाले? आमच्या खालचा भोंगा अकरापासून वाजतोय हो." हूटरवरच्या माझ्या स्टिकरचे आकडे उन्हाने उडाले होते. त्यांनी शेजारच्या दुकानावरचा स्टिकर टॉर्चने वाचून नंबर काढला होता. त्यांची आई ऑपरेशन होऊन दोनच दिवसांपूर्वी घरी आली होती. मी पोचलो तेव्हा निम्मी गल्ली खाली उभी होती. बीट मार्शल दोनदा येऊन गेले होते. शटर नीट, कुलूप शाबूत, आत उजेड नाही. ते तरी आणखी काय करणार? दुकान कोणाचे आणि किल्ली कोणाकडे, हे सांगणारे कोणी नव्हते. माझ्या वहीत ज्यांचे नाव होते त्यांनी दुकान केव्हाच विकले होते. असल्या हूटरला स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे बाहेरून वायर कापली तरी तो गप्प बसत नाही, आणि दुसऱ्याच्या मालमत्तेला हात लावायचा मला अधिकारही नव्हता. नव्या मालकांचा मेहुणा पहाटे साडेपाचला किल्ली घेऊन आला. आत सेन्सरच्या भिंगावर पाल बसली होती.

पालीमुळे हूटर सुरू झाला, पण तो साडेसहा तास वाजत राहिला त्याचे कारण वेगळे होते. हूटर किती मिनिटे वाजावा हे पॅनेलमध्ये, म्हणजे सगळे सेन्सर आणि हूटर जोडलेल्या मुख्य डब्यात, ठरवता येते. एकाच सेन्सरने पुन्हा पुन्हा उठवले तर त्याला तेवढ्या रात्रीपुरते बाजूला टाकण्याची सोयही बऱ्याच पॅनेलांत असते. आधीच्या मालकांनी "कोणी येईपर्यंत बंद होता कामा नये" असा आग्रह धरला होता आणि मी दोन्ही मर्यादा काढून दिल्या होत्या. मला कोणी अडवले नाही, कारण अडवणारा नियमच नाही. मी वर जाऊन त्या आजींची माफी मागितली. त्यांनी ती दिली. पण माझ्या माफीने शहरातल्या बाकीच्या पॅनेलांची सेटिंग बदलत नाही.

दुसरी गोष्ट मला याहून जड जाते. एका कापडदुकानाचा अलार्म पावसाळ्यात महिनाभर वरचेवर वाजत होता. शटर जुने, खालची पट्टी वाकलेली, वारा सुटला की मॅग्नेट सुटायचा. मी शटर दुरुस्त करायला सांगितले होते, मालक "बघू" म्हणाले होते. एका रात्री तो वाजला तेव्हा खरेच मागची खिडकी काढून चोर आत होते. समोरच्या इमारतीत माणसे जागी होती. सकाळी त्यांच्यातले एक काका मला म्हणाले, "रोजचंच आहे म्हटलं, कोण उठतंय." त्यांना दोष देण्याची माझी हिंमत झाली नाही.

खोटा अलार्म म्हणजे यंत्र बिघडले असे लोक समजतात. बहुतेक वेळा यंत्र त्याचे काम बरोबर करत असते. आमच्याकडे सर्रास लागतो तो पीआयआर सेन्सर. तो माणूस ओळखत नाही, आपल्या नजरेच्या पट्ट्यात उष्णतेचा फरक सरकला की संपर्क तोडतो. भिंगावरून चालणारी पाल त्याला खोलीतल्या माणसाएवढी मोठी वाटते. फळीवरून धावणारा उंदीर, झडपेतून येणारी सकाळची तिरीप, चालू राहिलेल्या पंख्याने हलणारे कॅलेंडर, देवापुढे तेवत ठेवलेला दिवा, यांतले काहीही त्याला पुरते. शटरचा मॅग्नेट दोन तुकड्यांतले अंतर वाढले की सुटतो, मग ते चोराने वाढवले की वाऱ्याने, हे त्याला कळत नाही. काचेवरचा कंपनाचा सेन्सर गणपतीच्या मिरवणुकीत डीजेच्या ठोक्यावर उठतो. त्या रात्री माझा फोन खाली ठेवता येत नाही. आणि बॅटरी. १२ व्होल्टची सात एएचची ती काळी बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. लाइट गेली, बॅटरीने दम सोडला, व्होल्टेज खाली आले, की काही पॅनेले त्यालाच घुसखोरी समजतात. या सगळ्याला उपाय आहेत, पण ते वर्षातून दोनदा कोणीतरी शिडी लावून करावे लागतात. बसवून झाल्यावर देखभालीचा करार करणारे गिऱ्हाईक माझ्याकडे दहात दोन-तीन.

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेतल्या शहरांनी तो आपल्या आधी आणि आपल्याहून मोठ्या प्रमाणावर भोगला. तिथल्या पोलिसांसाठी तयार झालेल्या एका अभ्यासानुसार २००२ साली देशभरातले पोलीस सुमारे ३ कोटी ६० लाख वेळा अलार्मच्या हाकेला धावले, त्याचा खर्च सुमारे १.८ अब्ज डॉलर आला, आणि त्यातले ९४ ते ९८ टक्के अलार्म खोटे होते. चोरी पकडायला नेमलेली माणसे पाली आणि वाऱ्यामागे पळत होती.

मग शहरांनी नियम केले. बहुतेक ठिकाणी सुरुवात साध्या गोष्टीपासून झाली: अलार्म असेल तर शहराकडे नोंद करा, संपर्काची माणसे कळवा, वर्षातले पहिले एक-दोन खोटे अलार्म माफ, पुढे चढता दंड. यंत्राने आपोआप आणीबाणीचा नंबर फिरवून ध्वनिमुद्रित निरोप ऐकवायला बऱ्याच शहरांनी बंदी घातली. अलार्मवर दुरून लक्ष ठेवणाऱ्या कंपनीने पोलिसांना कळवण्याआधी दोन वेगवेगळ्या फोन नंबरांवर विचारपूस केलीच पाहिजे असे बंधन आले. लास व्हेगासने १९९१ मध्ये, सॉल्ट लेक सिटीने २००० च्या अखेरीस आणि मिलवॉकीने २००४ मध्ये त्याहून पुढचे पाऊल टाकले: कोणीतरी डोळ्यांनी पाहिले किंवा कॅमेऱ्याने दाखवले तरच पोलीस येतील. सॉल्ट लेक सिटीत त्यानंतर पोलिसांकडे येणाऱ्या अलार्मच्या हाका सुमारे ९० टक्क्यांनी घटल्या. सिअॅटलने असाच नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू केला. माणसाने स्वतः दाबलेले धोक्याचे बटण मात्र या अटीतून वगळलेले आहे.

हा शेवटचा नियम आपण जसाच्या तसा घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे पोलिसांऐवजी आधी खाजगी रखवालदार जाऊन पाहतो आणि त्याचे पैसे अलार्मवाला ग्राहक भरतो. आपल्याकडे मोठ्या सराफाला हे परवडेल. मोबाइल दुरुस्तीचा गाळा चालवणाऱ्या पोराला, किंवा रात्री एकटी राहणाऱ्या बाईंना ते परवडणार नाही, आणि त्यांच्या हाकेला कोणीच धावणार नाही. पोलिसांनी येणे थांबवावे अशी माझी मागणी नाही. त्यांनी आल्यावर दारात हताश उभे राहू नये एवढीच आहे.

त्यासाठी इंग्लंडकडे पाहावे. तिथल्या २००५ च्या परिसर-स्वच्छता आणि पर्यावरणाच्या कायद्यात घरादुकानांच्या अलार्मच्या आवाजावर एक स्वतंत्र भाग आहे. स्थानिक संस्था एखादा भाग 'अलार्म कळवण्याचे क्षेत्र' म्हणून जाहीर करू शकते. मग त्या भागातल्या प्रत्येक अलार्मधारकाला किल्ली असलेल्या, जवळपास राहणाऱ्या आणि अलार्म बंद करता येणाऱ्या माणसाचे नाव व फोन द्यावाच लागतो. अलार्म सलग २० मिनिटांपेक्षा जास्त, किंवा थांबत-थांबत तासापेक्षा जास्त वाजला आणि लोकांना त्रास होऊ लागला, की संस्थेचा अधिकारी आवारात शिरून तो बंद करू शकतो. कुलूप तोडायची वेळ आली तर दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो आणि काम झाल्यावर जागा पुन्हा नीट बंद करून जाणे त्याच्यावर बंधनकारक आहे. माझ्या भाऊबीजेच्या रात्री आम्हाला जे जे हवे होते ते सगळे या चार वाक्यांत आहे.

तिथले पोलीस आणखी एक गोष्ट करतात. मान्यताप्राप्त माणसाने बसवलेल्या, दूरवरून लक्ष ठेवणाऱ्या केंद्राशी जोडलेल्या अलार्मलाच ते एक क्रमांक देतात. दोन वेगवेगळ्या सेन्सरांनी एकच घुसखोरी सांगितली तर ती खरी धरून गाडी पाठवतात. बारा महिन्यांत तीन खोट्या हाका झाल्या की त्या जागेची ही सोय काढून घेतली जाते आणि दुरुस्ती दाखवल्यावरच परत मिळते. माझ्या अनुभवात ग्राहकाला दंडाची भीती नसते. सोय जाईल ही भीती मात्र त्याला शटरची पट्टी सरळ करायला लावते.

न्यूयॉर्कचा नियम तर एका ओळीचा आहे: इमारतीवरचा चोरीचा अलार्म १५ मिनिटांत आणि गाडीचा तीन मिनिटांत आपोआप बंद झाला पाहिजे.

आता आपल्याकडचे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त असेल तर तक्रार करता येते. आमच्या हूटरच्या खोक्यावर एका मीटरवर ११० डेसिबल असे छापलेले असते. अंतर दहापट झाले की मोकळ्या जागी त्यातून २० वजा होतात, म्हणजे दहा मीटरवरच्या समोरच्या घराच्या खिडकीत ९० उरतात. अरुंद गल्लीत भिंतींमुळे जास्तच. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते हे लक्षात घेतले तर ४५ आणि ९० यांतले अंतर किती मोठे आहे ते कळेल. चोरीच्या वेळी दोन-चार मिनिटे हा आवाज हवाच, त्यासाठीच तो आहे. पण साडेसहा तास वाजणारा पालीचा हूटर ही कसली आणीबाणी? त्या नियमांतल्या प्राधिकरणाच्या व्याख्येतच पोलीस आयुक्तांचा उल्लेख आहे, म्हणून हे पत्र तुम्हालाही आहे.

सुरक्षेच्या बाकीच्या साधनांवर आपल्याकडे कायदे आहेत. रखवालदार पुरवणाऱ्या एजन्सीला २००५ च्या कायद्याने परवाना लागतो. पण त्या कायद्यातली खाजगी सुरक्षेची व्याख्या माणसाने केलेल्या राखणीभोवती बेतलेली आहे. आम्ही भिंतीला भोक पाडून जे बसवतो ते तिच्यात बसत नाही. कॅमेऱ्यांवर केंद्राने २०२५ पासून चाचणीची सक्ती केली आहे. आणि आगीचा अलार्म! महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली परवानाधारक एजन्सीकडून जानेवारीत आणि जुलैत, वर्षातून दोनदा, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. या प्रमाणपत्राला 'फॉर्म बी' म्हटले की कोणत्याही मोठ्या सोसायटीच्या सेक्रेटरीला कळते. त्याच इमारतीच्या त्याच भिंतीवर, आगीच्या लाल डब्याच्या शेजारी माझा हूटर असतो. एकाची वर्षातून दोनदा तपासणी, दुसऱ्याचे नावही कुठे नाही. तो फॉर्म पुष्कळ ठिकाणी निव्वळ कागदावर भरला जातो, हे मला ठाऊक आहे. तरीही कागद असला की विचारायला जागा असते.

तेव्हा माझी मागणी अशी आहे. प्रत्येक अलार्मची नोंद वॉर्ड कार्यालयात व्हावी, फुकट व्हावी आणि एका पानाची असावी. जागेचा मालमत्ता कर क्रमांक, वापरणाऱ्याचे नाव, आणि किल्ली असलेल्या दोन माणसांचे फोन. दोन, कारण एक माणूस दिवाळीत गावी जातोच. ही यादी हद्दीतल्या पोलीस ठाण्यात आणि ११२ च्या गाडीतल्या अंमलदाराला दिसावी, बाकी कोणाला नाही. कोणत्या दुकानात अलार्म आहे आणि कोणत्या नाही, ही माहिती चोराच्या कामाची आहे. ती फलकावर किंवा संकेतस्थळावर टाकण्याचा उत्साह कृपया कोणी दाखवू नये.

हूटरला वेळेची मर्यादा हवी. मी १५ मिनिटे म्हणेन, तुम्ही दहा म्हणालात तरी माझी हरकत नाही. नवीन बसवताना ही मर्यादा घातली आहे असे बसवणाऱ्याने लिहून सही करावी. जुन्या पॅनेलांना वर्षभराची मुदत द्या, सेटिंग बदलायला अर्धा तासही लागत नाही. ऑटो डायलरमध्ये, म्हणजे अलार्म वाजताच आपोआप फोन लावणाऱ्या यंत्रात, पोलीस ठाण्याचा किंवा ११२ चा नंबर थेट घालायला बंदी हवी. रात्री ठाण्यातला फोन उचलणाऱ्याला पालीचा ध्वनिमुद्रित निरोप ऐकवत असताना तोच फोन दुसऱ्या कोणाला लागत नसेल, याचा विचार आम्ही कोणी करत नाही. धोक्याचे बटण मात्र यातून वगळावे. ते बटण म्हातारी माणसे आणि एकट्या बायका दाबतात. त्यांना आधी चौकशीच्या फोनची वाट पाहायला लावणे अन्याय होईल.

जागा बंद असताना वाजत राहिलेला हूटर कोणी, कोणासमोर आणि कशा पंचनाम्याने बंद करायचा, याची लेखी पद्धत महापालिका आणि पोलिसांनी मिळून ठरवावी. आज बीट मार्शलच्या हातात टॉर्चशिवाय काही नाही. इंग्लंडसारखी कुलूप उघडण्याची तरतूद करायला कायदाच लागेल, तर ती शिफारस तुमच्या सहीने राज्य सरकारकडे जावी.

जबाबदारीचे आमच्या धंद्यात कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. वारंवार खोटा वाजणाऱ्या अलार्मसाठी फक्त दुकानदाराला धरू नका, बसवणाऱ्यालाही धरा. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात सँडी स्प्रिंग्ज या शहराने खोट्या अलार्मचा दंड ग्राहकाऐवजी अलार्म कंपन्यांवर लावला. कंपन्यांनी शहराला न्यायालयात खेचले आणि अपिलातही त्या हरल्या. माझे व्यवसायबंधू या मुद्द्यावर माझ्यावर रागावतील. पण सेन्सर झडपेसमोर कोणी लावला, मर्यादा कोणी काढली, बॅटरी स्वस्तातली कोणी घातली, हे दुकानदाराला ठाऊक नसते, आम्हाला असते. आमची नोंदणी करा, एक छोटी परीक्षा घ्या, हूटरवर न पुसणाऱ्या अक्षरांत आमचा क्रमांक सक्तीचा करा. भाऊबीजेला त्या गृहस्थांना माझा नंबर शेजारच्या दुकानावरून शोधावा लागला, ती माझी चूक होती आणि तिला आज कोणताही दंड नाही.

जानेवारीपासून मी माझ्यापुरते हे सुरू केले आहे. जुन्या गिऱ्हाइकांकडे जातो, मर्यादा घालतो, पत्र्याची पट्टी रिव्हेटने ठोकतो, दोन किल्ल्यांचे नंबर नव्याने लिहून घेतो. त्याचे पैसे घेत नाही. काही दुकानदार चहा पाजतात, काही म्हणतात, "कोणी सांगितलंय तुम्हाला?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. तुमचे एक परिपत्रक असते तर असते.

सगळ्या शहरात एकदम करू नका. एक वॉर्ड घ्या, शक्यतो जुन्या पेठेतला, जिथे खाली दुकाने आणि वर बिऱ्हाडे आहेत. दिवाळीच्या सुट्ट्यांआधी नोंद पूर्ण करा आणि त्या चार रात्री तिथून किती फोन येतात ते मोजा. वॉर्ड तुम्ही ठरवा. गिऱ्हाइकांची संमती घेऊन, वही बरोबर घेऊन मी येतो. पहिले फॉर्म भरायला बसायचीही माझी तयारी आहे.

आपला,
पेठेतला एक अलार्म बसवणारा